स्थूलता : दोष, रोग की इशारा?

आमच्या वसतिगृहात दर सत्राच्या आरंभी मुलांची उंची आणि वजन नोंदविले जाते. पूर्वी एक शिक्षक काट्यावरचा आकडा मोठ्याने सांगत आणि दुसरे तो नोंदवहीत लिहीत. त्यात काही गैर आहे असे आम्हांला कधी वाटले नाही. एका वर्षी सातवीतल्या एका मुलाचा आकडा उच्चारला गेला आणि रांगेत हशा पिकला. ‘जरा कमी जेवत जा, मैदानावर पळत जा,’ असे आम्हीही सहज बोलून गेलो. त्यानंतर तो मुलगा रात्रीच्या पंगतीला बसेनासा झाला. आठ दिवसांनी हे आमच्या ध्यानात आले, तेव्हा त्याच्या आईला बोलावून घेतले. चार घरची धुणीभांडी करणारी ती माउली म्हणाली, “सर, हा जन्मला तेव्हा दोन किलोचासुद्धा नव्हता. अंगणवाडीतल्या बाई याला कुपोषित म्हणून वेगळा खाऊ द्यायच्या.”

जन्मतः कुपोषित असलेले मूल बाराव्या वर्षी स्थूल कसे होते? आणि झाले, तर दोष कोणाचा? त्या दिवशी या प्रश्नांचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. पुढे जे वाचले आणि समजून घेतले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांपुढे ठेवीत आहोत.

निंदा आणि करुणा

स्थूलतेचा विचार आपल्या देशाला नवा नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आठ प्रकारच्या शरीरांना ‘निंदित’ म्हटले आहे. अति उंच, अति ठेंगणे, अंगभर केस असलेले, केसच नसलेले, अति काळे, अति गोरे, अति स्थूल आणि अति कृश अशी ती यादी आहे. अति स्थूल माणसाला होणारे त्रास आणि त्यावरील उपचारही त्याच ग्रंथात सांगितले आहेत, हे मान्य केले पाहिजे. तथापि रोगाच्या विचारात कातडीचा रंग आला आणि त्याला ‘निंदित’ हे विशेषण लागले, याकडे इतिहासाच्या अभ्यासकाला डोळेझाक करता येत नाही. जन्माने मिळालेल्या गोष्टीवरून कमी लेखले जाणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी शिकवावे लागत नाही.

संयुत्तनिकायात याच विषयाची दुसरी बाजू दिसते. कोसलनरेश प्रसेनजित द्रोणभर तांदळाचा भात जेवत असे. एकदा असाच भरपेट जेवून तो धापा टाकीत तथागतांच्या भेटीस आला. तथागतांनी त्याची टिंगल केली नाही की त्याला पापी ठरविले नाही. मात्रा जाणून, सावधपणे जेवणाऱ्याचे त्रास कमी होतात, इतकाच उपदेश त्यांनी केला. राजाने तो उपदेश सुदर्शन नावाच्या तरुणाला पाठ करावयास लावला आणि रोज जेवणाच्या वेळी म्हणून दाखविण्यासाठी त्याला दररोज शंभर कार्षापण देऊ केले. हळूहळू राजाचा आहार नाळीभर भातावर आला आणि त्याचे शरीर हलके झाले.

या कथेतून बहुधा ‘मिताहार करा’ एवढाच बोध घेतला जातो. आम्हांला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. उपदेश ऐकावयास क्षणभर पुरला; सवय मात्र रोज आठवण देणाऱ्या व्यवस्थेने बदलली आणि त्या व्यवस्थेला रोजचा खर्च होता. राजाला तो परवडला. चार घरची कामे करणाऱ्या आईला तो कसा परवडावा?

त्याच तथागतांची आळवी येथील कथाही धम्मपदाच्या अट्ठकथेत आहे. हरवलेला बैल शोधून उपाशीपोटी आलेल्या गरीब शेतकऱ्याला त्यांनी प्रथम जेवू घालावयास सांगितले, मगच धम्म सांगितला. रोगांमध्ये त्यांनी अग्रस्थान दिले ते भुकेला. अतिभोजन आणि भूक या दोहोंचा विचार एकाच करुणेने करणारी ही दृष्टी पुढच्या विवेचनात उपयोगी पडेल.

वैद्यकशास्त्रातील वाद

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की ‘बीएमआय’ मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाप्रमाणे प्रौढांमध्ये हा आकडा २५ वा अधिक असल्यास अतिवजन आणि ३० वा अधिक असल्यास स्थूलता समजली जाते. भारतीयांना कमी वजनातही मधुमेह आणि हृदयविकार गाठतात, म्हणून आपल्या तज्ज्ञांनी या मर्यादा २३ आणि २५ अशा खाली आणल्या. मुलांसाठी वयानुसार वेगळे तक्ते आहेत.

अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१३ मध्ये स्थूलतेला रोग म्हणून मान्यता दिली. संस्थेच्याच अभ्यास समितीचे मत त्याविरुद्ध होते. यावरून वाद किती खरा आहे हे कळते. रोग म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद असा : भूक आणि तृप्ती यांचे नियंत्रण मेंदू व संप्रेरके करतात. वजन घटू लागले की शरीर भूक वाढविते आणि ऊर्जेचा खर्च आवरते. म्हणून केवळ निश्चयाच्या बळावर उतरलेले वजन पुष्कळदा परत चढते. असे असता माणसाला ‘आळशी’ म्हणणे अशास्त्रीय आहे. विरोधकांचे म्हणणे असे की, बीएमआय हे केवळ एक माप आहे. तेवढ्यावरून धडधाकट माणसाला रोगी ठरविणे अन्यायाचे होईल आणि औषधांचा बाजार तेवढा वाढेल.

जानेवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकाने नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाने यावर मधला, पण स्पष्ट मार्ग सुचविला. अतिरिक्त चरबीमुळे अवयवांचे कार्य बिघडले असेल किंवा रोजची कामे करणे कठीण झाले असेल, तर ती स्थूलता रोगच होय. अवयव नीट चालत असतील, तर ती रोगापूर्वीची अवस्था. तिच्यात धोका आहे, पण रोग नाही. हा निर्णय एकट्या बीएमआयवर सोडू नये, कमरेचा घेर वा चरबीचे प्रत्यक्ष मापही पाहावे, असेही आयोगाने सांगितले.

पुण्याजवळच्या खेड्यांतील साक्ष

आमच्या त्या विद्यार्थ्याचे कोडे उलगडले ते मात्र आपल्या महाराष्ट्रातील संशोधनाने. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तेथील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव बरेच लहान होते, परंतु त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. बाहेरून कृश, आतून चरबीयुक्त असे हे बाळ.

डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के!

गर्भात पोषण अपुरे पडले की शरीर काटकसरीने घडते आणि पुढे खाणे वाढले की तेच शरीर चरबी साठवू लागते, अशी याची मांडणी आहे. याच अभ्यासात असेही आढळले की, गरोदरपणी ज्या मातांच्या आहारात पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक होते त्यांची बाळे मोठी जन्मली. ज्यांना अतिकष्ट पडले त्यांची लहान. हा अभ्यास जातींविषयी नव्हता. पण गावकीच्या शिळ्या भाकरीवर जगलेल्या पिढ्या आणि १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून मिलो व सुकडीवर दिवस काढलेल्या आपल्या आज्या ज्यांना आठवतात, त्यांना त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. वर्गात ज्याला हसले गेले, त्या मुलाच्या शरीरात त्याच्या आजीची भूकही असू शकते.

ताटातील विषमता

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के स्त्रिया अतिवजनाच्या वा स्थूल आढळल्या, तर सुमारे १९ टक्के कृश. भूक आणि स्थूलता एकाच देशात, पुष्कळदा एकाच घरात नांदत आहेत.

आपल्या नवी मुंबईत हे रोज दिसते. मुंबईला लागणारी फळे आणि भाजीपाला वाशीच्या बाजार समितीत उतरतो. ती ओझी वाहणाऱ्याच्या घरी मात्र मुलाच्या हातात पाच रुपयांची वेफर्सची पुडी पडते, कारण पाच रुपयांत सफरचंद येत नाही. आई पहाटे कामाला जाते, खोली दहा बाय दहाची, खेळायला अंगण नाही. २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत अति साखर, मीठ व चरबीचे पदार्थ विकण्यास मनाई आहे. तो नियम किती पाळला जातो, हे प्रत्येकाने आपल्या गल्लीतील शाळेच्या फाटकावर उभे राहून पाहावे.

मग रोग म्हणावे काय?

आमचे उत्तर असे. स्थूलतेने शरीराचे कार्य बिघडले असेल तर तिला निःसंकोच रोग म्हणावे, कारण रोग म्हटल्याने निंदा थांबते आणि उपचाराचा हक्क मागता येतो. स्वतः बाबासाहेबांना मधुमेहाने अनेक वर्षे ग्रासले होते. त्या आजाराला कोणी त्यांचा दोष म्हणत नाही. मग वजनाच्याच बाबतीत आपली जीभ का सैल सुटावी? शरीराचे कार्य बिघडले नसेल, तर स्थूलता हा इशारा समजावा आणि वेळीच सावध व्हावे. दोष मात्र ती कधीच नव्हे.

येथे एक सावधगिरी हवी. रोग म्हटले की औषध आले. वजन घटविणारी नवी इंजेक्शने २०२५ पासून भारतात मिळू लागली आहेत, पण त्यांचा खर्च दरमहा हजारो रुपयांचा आहे. सगळा विचार औषधावर येऊन थांबला, तर श्रीमंतांना इंजेक्शन आणि गरिबांना उपदेश अशी नवी वर्णव्यवस्था उभी राहील. संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने पोषणमान, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य उंचावणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी मानले आहे. गरोदर मातेचे ताट, वस्तीतील मैदान आणि शाळेच्या फाटकावरचा नियम हे सारे त्या कर्तव्यातच येते.

आम्ही आमच्यापुरती सुरुवात केली आहे. वजन आता पडद्याआड, एकेका मुलाचे घेतले जाते. आकडा फक्त त्याला आणि पालकांना कळतो. धावणे ही शिक्षा राहिली नाही. सायंकाळी सर्व मुले एकत्र खेळतात. कोणाच्या ताटाकडे बोट दाखवायचे नाही, असा पंगतीचा नियम आहे. आजी-माजी पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना एक विनंती : १४ एप्रिलला, बुद्धपौर्णिमेला किंवा आपल्या मुलांच्या वाढदिवसाला वसतिगृहात खाऊ आणाल, तेव्हा शीतपेये आणि वेफर्सऐवजी केळी, शेंगदाणे, गूळ, मोड आलेली कडधान्ये आणावीत. मुलांना दोन्ही आवडते, हे अनुभवाने सांगतो.

तो मुलगा पुढे पंगतीत परतला. त्यासाठी आम्हांला त्याची क्षमा मागावी लागली आणि ती आम्ही सर्व मुलांसमक्ष मागितली. आकडा सर्वांसमक्ष उच्चारला होता, म्हणून क्षमाही सर्वांसमक्ष.

जयभीम! नमो बुद्धाय!