परतीची नळी बुजवू नका

जुनी कॉन्टेसा घेताना लोक रंग बघतात, पत्रा ठोकून बघतात, डॅशबोर्डवरून हात फिरवतात. पेट्रोल टाकीतून इंजिनापर्यंत कसं येतं आणि उरलेलं टाकीत परत कसं जातं, हे बघायला गाडीखाली कोणी वाकत नाही. माझ्याकडे गाडी आली तेव्हा तिची परतीची नळी, म्हणजे मेस्त्री लोकांची ‘रिटर्न लाइन’, आधीच कुणीतरी बंद केलेली होती. पंपाच्या तिसऱ्या तोंडावर रबरी पाइपाचा तुकडा, त्यात खुपसलेला एक बोल्ट आणि वरून आवळलेली क्लिप. त्यावर तेल आणि धुळीचा असा थर बसला होता की ते कंपनीनंच तसं दिलंय असं वाटावं. त्या बोल्टनं एक अख्खा उन्हाळा खाल्ला. मुरगूड, कागल, निपाणी या पट्ट्यात जुन्या पेट्रोल गाड्या जिव्हाळ्यानं सांभाळणारी मंडळी आहेत. त्यांच्यावर ही पाळी येऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितोय.

कॉन्टेसा ही आपल्याकडची अमेरिकन थाटाची गाडी. हिंदुस्थान मोटर्सनं व्हॉक्सहॉलच्या व्हीएक्स मॉडेलवरून ती १९८४ मध्ये आणली. सुरुवातीला त्या लांबलचक बॉनेटखाली अॅम्बॅसडरचंच दीड लिटरचं इंजिन होतं. पुढं इसुझुचं १.८ लिटरचं आलं आणि गाडीला तिच्या अंगाला शोभेल अशी ताकद मिळाली. २००२ मध्ये उत्पादन थांबलं. म्हणजे अगदी शेवटची कॉन्टेसा धरली तरी तिच्या रबरी नळ्यांचं आयुष्य कधीच संपलेलं आहे.

गावात गाडी गुणी होती. सर पिराजीराव तलावापर्यंत चक्कर, मुदाळ तिट्ट्यापर्यंत जाऊन येणं, कशातच तक्रार नाही. दुखणं बाहेर पडलं देवगड-निपाणी रस्त्यावर. कोकणातून परत येताना फोंडा घाट चढायचा, एप्रिल-मेची दुपार, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत वर येते, आणि आपण दाजीपूरजवळ चहाला थांबतो. पंधरा मिनिटांनी चावी फिरवली की स्टार्टर फिरतो, इंजिन मात्र धरत नाही. बॉनेट उघडलं की पेट्रोलचा भपकारा येतो. मोठ्या मुश्किलीनं चालू झालीच, तर शे-दोनशे मीटरवर पेट्रोल संपल्यासारखी गचके देत बंद. आधी पेट्रोल जास्त, मग पेट्रोलच नाही. उलटसुलट दिसणारी ही दोन लक्षणं पाठोपाठ दिसली, तर इतर काही खोलण्याआधी रिटर्न लाइन बघा.

आम्ही ती सोडून बाकी सगळं बघितलं. एका गॅरेजमध्ये कॉइल बदलली, कार्बोरेटर उतरवून जेट फुंकले, पंपाचं किट टाकलं. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल म्हणून झाकण सैल ठेवून पाहिलं. रस्त्यावर तर एकच इलाज: पंपावर आणि नळीवर ओलं फडकं. त्यानं गाडी निघते खरी, पण दुखणं तिथंच राहतं. शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींनी बॅटरी लावून खाली बघितलं आणि विचारलं, “सर, कंपनीनं पंपाला तीन तोंडं कशाला दिल्यात? दोन पुरली असती की.”

त्या प्रश्नातच उत्तर होतं. इंजिनाला लागतं त्यापेक्षा पंप पुष्कळ जास्त पेट्रोल ओढू शकतो. कार्बोरेटरच्या वाटीत फ्लोट वर आला की नीडल बसते आणि पेट्रोल आत यायचं थांबतं. परतीची वाट मोकळी असेल तर उरलेलं पेट्रोल टाकीत जातं, टाकीतलं थंड पेट्रोल पुढं येत राहतं आणि नळीत वाफेचे बुडबुडे झालेच तर तेही मागं निघून जातात. ही वाट बुजवली की पेट्रोल गरम पंपात आणि नळीत अडकून पडतं. गाडी उभी केल्यावर तर पंखा बंद, रेडिएटरचं पाणी थांबलेलं, आणि इंजिनाची धग बॉनेटखालीच कोंडते. अडकलेलं पेट्रोल फुगतं, त्याची वाफ होते, आणि तो दाब बसलेल्या नीडललाही उचलून पेट्रोल इनटेकमध्ये ढकलतो. भपकारा येतो तो त्याचा. मग नळीत उरते नुसती वाफ. पंप द्रव ओढण्यासाठी बनवलेला असतो, वाफेवर त्याचं काही चालत नाही.

साठ-सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या मोठ्या व्ही-८ गाड्यांनाही हेच दुखणं होतं. एसी आला, बॉनेटखालची उष्णता वाढली आणि बऱ्याच मॉडेलवर तीन तोंडांचा पंप किंवा तीन तोंडांचा फिल्टर बसू लागला. आपल्याकडे कार्बोरेटरच्या मारुती ८०० वर तीन नळ्यांचा पंप होता, त्यामुळे तालुक्याच्या गावातल्या मेस्त्रीलाही ही रचना नवी नाही. तरीही नळी बुजवली जाते. कारण बहुतेक वेळा साधं असतं: गाडीखालची लोखंडी लाइन गंजून गळायला लागते, नवी टाकायला टाकी उतरवावी लागते, आणि बोल्ट हाताशी असतो. शिवाय ‘रिटर्न असली की गाडी पेट्रोल जास्त खाते’ हा समज आहे. टाकीत परत गेलेलं पेट्रोल जळत नाही. तो समज सोडून द्या.

आता तर हे सांगणं आणखी निकडीचं झालंय. २०२२ मध्ये देशात पेट्रोलमधलं इथेनॉल दहा टक्क्यांवर पोचलं, २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर. बिदरी आणि हमीदवाड्याच्या कारखान्यांना ऊस घालणाऱ्या आमच्या भागाला इथेनॉलचं वावडं असायचं कारण नाही. उसाला त्यातून भाव मिळावा असं मलाही मनापासून वाटतं. पण या गाड्या त्या पेट्रोलसाठी बनलेल्या नाहीत. जुनं रबर त्यानं फुगतं, मऊ पडतं, आतून सुटतं आणि त्याचा काळा चुरा नीडलखाली जाऊन बसतो. म्हणून लोखंडी लाइन शाबूत असली तरी रबराचे सगळे तुकडे बदला. ‘एसएई जे३० आर९’ असा शिक्का असलेला पाइप घ्या. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी इंजिनाजवळ अजिबात नको; ती उष्णतेनं कडक होते आणि एक दिवस निसटते. क्लिप कडा वळवलेली घ्या, साधी क्लिप रबर कापते.

रिटर्न पुन्हा जोडताना घाई नको. टाकीकडून येणाऱ्या दोन नळ्या अदलाबदल झाल्या तर टाकी भरलेली असेपर्यंत गाडी चालते, आणि निम्म्यावर आली की हवा ओढून बंद पडते. काही जण टाकीपर्यंतची मेहनत टाळायला रिटर्नची नळी पंपाच्या आधीच ‘टी’ टाकून जोडतात. मग तेच गरम पेट्रोल बुडबुड्यांसह पुन्हा पंपात फिरत राहतं. ती टाकीतच गेली पाहिजे. फिल्टरमधून रिटर्न काढत असाल तर त्या तोंडाचं भोक बारीक, दीडेक मिलिमीटरचं हवं. मोठं असलं तर सगळं पेट्रोल मागंच पळतं आणि चढाला कार्बोरेटर उपाशी राहतो. आणि इंजेक्शनच्या गाडीचा इलेक्ट्रिक पंप आणून बसवू नका. तो तीन बारच्या आसपास दाब देतो, कार्बोरेटरची नीडल अर्ध्या बारच्याही आतल्या दाबासाठी असते. पेट्रोल वरून वाहणार, आणि खाली तापलेला एक्झॉस्ट असला तर आग लागायला वेळ लागत नाही.

लाइन मोकळी आहे का हे घरी बघता येतं. इंजिन पूर्ण गार, गाडी उघड्यावर, बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली, पावडरचं अग्निशामक जवळ. पंपाकडचं रिटर्नचं टोक सोडवा आणि सायकलच्या पंपानं हळू हवा द्या. टाकीचं झाकण उघडून दुसऱ्यानं कान द्यायचा: बुडबुड्यांचा किंवा हवेचा आवाज आला की वाट मोकळी. कॉम्प्रेसर लावू नका, गंजलेली लाइन फुटते. तोंडानं फुंकू किंवा ओढू तर मुळीच नका. पेट्रोल श्वासनलिकेत गेलं की फुप्फुसाला इजा होते, आणि ही सवय आपल्याकडे फार आहे.

गाडी विकत घ्यायला जाल तेव्हा ती आधीच गरम करून ठेवायला सांगा. वीस मिनिटं चालवा, दहा-पंधरा मिनिटं बॉनेट बंद ठेवून उभी करा, आणि मग स्वतः चावी फिरवा. त्यानंतर पंपाची तोंडं मोजा आणि प्रत्येक नळीचा बोटानं टाकीपर्यंत माग काढत जा. कुठं बोल्ट सापडला तर गाडी नाकारायलाच हवी असं नाही, पण नवी लाइन आणि टाकी उतरवायची मजुरी किमतीतून वजा करून मागा, आणि ते काम होईपर्यंत घाटात नेऊ नका.