सही करण्यापूर्वी चार इंग्रजी शब्द



वाशीच्या एका पार्टीच्या ऑर्डरपत्रात 'इट इज अंडरस्टुड' असे शब्द होते. माझे शिक्षण उर्दू माध्यमातले. मी अर्थ लावला, 'त्यांना समजले आहे', आणि सही केली. खरा अर्थ होता, 'उभयतांना मान्य आहे'. कापड धुतल्यावर आटले तर भरपाई माझी, ही ती मान्य गोष्ट! नुकसान सोसले, म्हणून हा धडा.

१) अंडरस्टँडिंग : आपसातील समजूत. ती कायद्याने बांधते की नाही, हे मजकूर व हेतू पाहून ठरते.

२) अ‍ॅग्रीमेंट : एकाचा प्रस्ताव, दुसऱ्याची मान्यता व परस्परांचा मोबदला. सन १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, कोर्टातून बजावता येणारे अ‍ॅग्रीमेंट म्हणजे कॉन्ट्रॅक्ट.

३) एक्स्प्रेस : येथे अर्थ 'जलद' नव्हे. शब्दांत, तोंडी वा लेखी, दिलेले वचन.

४) इम्प्लाइड : शब्दांवाचून, वागण्यातून दिलेले वचन (कलम ९). दर न ठरवता शिंप्याला कापड शिवायला दिले, तरी वाजवी शिलाई द्यावीच लागते.

सन १९३० च्या मालविक्री कायद्याचे कलम १७ सांगते की, नमुन्यावर विकलेला सर्व माल नमुन्याच्याच प्रतीचा हवा. ही अट न लिहिताही लागू असते. मात्र कलम ६२ प्रमाणे, करारात उलट लिहून ती काढता येते. बारीक अक्षरे वाचायची ती यासाठीच.

मुदतीचा उधार व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकरा, आयत २८२ मध्ये आहे. लिहिलेले समजले नाही तर जाणकाराला विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. न समजता सही करण्यात तोटा आहे.