घटक ४ : युरोपीय संघ – सामायिक सार्वभौमत्वाची कार्यपद्धती

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणांस :
• युरोपीय संघाच्या निर्मितीमागील कारणे सांगता येतील.
• संघाच्या प्रमुख संस्थांमधील अधिकारांची विभागणी स्पष्ट करता येईल.
• सामायिक निर्णयपद्धतीचे लाभ व तिच्या मर्यादा यांचे विवेचन करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, १ मे २०१४ रोजी, ऐन हंगामात, कोकणच्या हापूस आंब्याला युरोपीय संघाची बाजारपेठ बंद झाली. भारतातून आलेल्या मालात फळमाशीसारख्या किडी आढळल्याने संघाने आंबा, वांगी, कारली, पडवळ व अळू यांच्या आयातीवर बंदी घातली होती. एका निर्णयाने त्या वेळच्या अठ्ठावीसही सदस्य देशांचे दरवाजे एकाच दिवशी बंद झाले. युरोपात हापूसला मोठी मागणी होती ती ब्रिटनमध्ये. तेथील व्यापाऱ्यांनी तीव्र नाराजी व्यक्त केली. पण ब्रिटनच्या सरकारला आपल्यापुरती ही बंदी उठविण्याचा अधिकार नव्हता. भारताने निर्यातपूर्व तपासणीत सुधारणा केल्यावर २०१५ च्या प्रारंभी आंब्यावरील बंदी मागे घेण्याचा निर्णय झाला, तोही संघाच्याच पातळीवर.

सार्वभौम देश असा अधिकार आपल्या हातून का जाऊ देतात? आणि मग निर्णय नेमका कोण घेतो? या दोन प्रश्नांच्या आधारे आपण या घटकाचा अभ्यास करणार आहोत.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ कोळसा आणि पोलाद

१८७० ते १९४५ या पाऊणशे वर्षांत फ्रान्स व जर्मनी यांच्यात तीन वेळा युद्ध झाले. युद्धसामग्रीसाठी कोळसा आणि पोलाद लागते. म्हणून या दोन उद्योगांचे नियंत्रण एका सामायिक प्राधिकरणाकडे सोपवावे, असा प्रस्ताव फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शुमान यांनी ९ मे १९५० रोजी मांडला. त्यानुसार १९५१ मध्ये फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स व लक्झेंबर्ग या सहा देशांनी करार केला. म्हणजे अधिकार सोडण्यामागील मूळ हेतू केवळ नफ्याचा नव्हता. शेजाऱ्याला गुपचूप युद्धाची तयारी करता येऊ नये, हाही होता.

१९५७ च्या रोम कराराने हेच तत्त्व संपूर्ण व्यापाराला लागू केले. १९९२ मध्ये स्वाक्षऱ्या झालेल्या मास्ट्रिक्ट कराराने 'युरोपीय संघ' हे नाव व राजकीय स्वरूप दिले. आज संघाचे २७ सदस्य आहेत.

४.२.२ एकल बाजारपेठ

१९६८ मध्ये सहा देशांनी आपसांतील सीमाशुल्क रद्द केले आणि बाहेरून येणाऱ्या मालावर समान शुल्क ठेवले. १९९३ पासून एकल बाजारपेठ अस्तित्वात आली. वस्तू, सेवा, भांडवल आणि व्यक्ती यांचा मुक्त संचार हे तिचे चार आधार होत. पोर्तुगालच्या कायद्यानुसार त्या देशाचे नागरिकत्व मिळविलेले अनेक गोमंतकीय याच व्यवस्थेमुळे ब्रिटनमध्ये नोकरीसाठी स्थायिक होऊ शकले.

अंतर्गत सीमेवर तपासणी नसेल, तर बाह्य सीमेवरील नियम एकच असावे लागतात. एका बंदरात उतरलेला आंबा दुसऱ्या दिवशी कोणत्याही सदस्य देशात पोहोचू शकतो. म्हणूनच ब्रिटनला वेगळी सवलत देता येत नव्हती.

४.२.३ निर्णय कोण घेते?

कायद्याचा प्रस्ताव मांडण्याचा अधिकार प्रामुख्याने युरोपीय आयोगाकडे आहे. आयोगात प्रत्येक देशाचा एक सदस्य असतो. मात्र त्याने आपल्या देशाचे नव्हे, तर संघाचे हित पाहावे अशी अपेक्षा असते. प्रस्तावावर दोन सभागृहे निर्णय घेतात : नागरिकांनी थेट निवडलेली युरोपीय संसद आणि सदस्य सरकारांच्या मंत्र्यांची मंत्रिपरिषद. राष्ट्रप्रमुख वा शासनप्रमुखांची युरोपीय परिषद धोरणाची दिशा ठरवते. ती कायदे करत नाही.

मंत्रिपरिषदेत बहुतेक विषयांवर विशेष बहुमत पुरते. त्यासाठी किमान ५५ टक्के देश आणि त्यांची मिळून संघाच्या किमान ६५ टक्के लोकसंख्या, अशा दोन्ही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. पहिली अट लहान देशांना आधार देते, दुसरी मोठ्या देशांना. कर, परराष्ट्र धोरण, नव्या सदस्याचा प्रवेश अशा संवेदनशील विषयांत मात्र एकमत लागते. तेथे एक देशही निर्णय अडवू शकतो. संघाचा कायदा व राष्ट्रीय कायदा यांत विरोध आल्यास संघाचा कायदा श्रेष्ठ, हे तत्त्व लक्झेंबर्ग येथील न्यायालयाने १९६४ मध्ये प्रस्थापित केले.

४.२.४ चलन एक, तिजोऱ्या अनेक

१ जानेवारी २००२ रोजी युरोच्या नोटा व नाणी व्यवहारात आली. युरोचे व्याजदर फ्रँकफर्ट येथील मध्यवर्ती बँक ठरवते; कर व खर्च मात्र प्रत्येक देश स्वतः ठरवतो. भारतात रुपयाच्या पाठीशी केंद्र सरकारची तिजोरी असते आणि अडचणीतील राज्याकडे केंद्रीय निधी वळविता येतो. युरोपीय संघाचा अर्थसंकल्प सदस्यांच्या एकूण उत्पन्नाच्या सुमारे एक टक्का इतकाच आहे.

या त्रुटीची झळ ग्रीसला बसली. २०१० मध्ये तो कर्जसंकटात सापडला, तेव्हा चलनाचे अवमूल्यन करण्याचा मार्ग त्याला उपलब्ध नव्हता. मिळालेल्या कर्जासोबत निवृत्तिवेतनकपात व करवाढ यांसारख्या कठोर अटी आल्या. ५ जुलै २०१५ च्या सार्वमतात ६१ टक्क्यांहून अधिक मतदारांनी अशा अटी नाकारल्या. तरी काही दिवसांतच ग्रीक सरकारला कठोर अटींसह नवे कर्ज स्वीकारावे लागले. कर्ज देणारी सरकारेही आपापल्या मतदारांना उत्तरदायी होती. एका देशाचा जनादेश इतरांना बांधू शकत नाही, ही सामायिक सार्वभौमत्वाची सर्वांत कठीण बाजू होय.

४.२.५ संघत्याग

सदस्य देशाला संघ सोडण्याचा अधिकार आहे. २३ जून २०१६ च्या सार्वमतात ब्रिटनच्या सुमारे ५२ टक्के मतदारांनी तसा कौल दिला आणि ३१ जानेवारी २०२० रोजी तो देश बाहेर पडला. आता आयातीचे नियम ब्रिटन स्वतः ठरवतो. परंतु संघात माल विकायचा असेल, तर ब्रिटिश उत्पादकाला संघाचेच नियम पाळावे लागतात, आणि ते नियम ठरविताना ब्रिटनला मत नसते. निर्णयस्वातंत्र्य आणि निर्णयातील वाटा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे येथे लक्षात घ्यावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. विशेष बहुमताच्या दोन अटी कोणत्या?
२. कायद्याचा प्रस्ताव प्रामुख्याने कोणती संस्था मांडते?

४.३ सारांश

युरोपीय संघ हे एक राष्ट्र नाही आणि केवळ व्यापारी करारही नाही. काही विषयांत सदस्य देश एकट्याने निर्णय घेण्याचा अधिकार सोडतात आणि त्याबदल्यात सर्वांच्या निर्णयात वाटा मिळवितात. व्यापारात हा विनिमय पुष्कळसा पूर्ण झाला आहे. चलनात तो अर्धवट आहे. परराष्ट्र धोरणात तो अल्प आहे. संघातील बहुतेक वाद या असमान वाटचालीतून उद्भवतात.

४.४ पारिभाषिक शब्द

सीमाशुल्क संघ : आपसांत शुल्क न आकारता बाहेरील मालावर समान शुल्क आकारणारा देशांचा गट.
अवमूल्यन : अन्य चलनांच्या तुलनेत आपल्या चलनाचे मूल्य कमी करणे.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. किमान ५५ टक्के देश व किमान ६५ टक्के लोकसंख्या.
२. युरोपीय आयोग.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. 'सामायिक चलनाला सामायिक तिजोरीची जोड हवी.' ग्रीसच्या उदाहरणाच्या आधारे चर्चा करा.
२. एकमत व विशेष बहुमत या निर्णयपद्धतींची तुलना करा.

४.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या परिसरातील द्राक्ष किंवा आंबा निर्यात करणाऱ्या बागायतदाराची भेट घ्या. युरोपीय संघात माल पाठविण्यासाठी कोणत्या अटी पाळाव्या लागतात, याची नोंद करा आणि त्या अटींचा त्यांच्या खर्चावर व उत्पन्नावर झालेला परिणाम लिहा.