गाडीचा अँटेना : जंगलवाटेवर कोणता बरा?

एटापल्लीहून सूरजागडकडे निघालं की मोबाईलची रेंज कधी दगा देईल सांगता येत नाही. पावसाळ्यात नाल्यांना पूर येतो, तेव्हा हवामानाची बातमी द्यायला गाडीतला रेडिओच उरतो. म्हणून अँटेना नीट निवडावा.

आधी हिशोब. 100 मेगाहर्ट्झ एफएमची तरंगलांबी 3 मीटर. तिचा पाव भाग म्हणजे 75 सेंमी. जुन्या जीपच्या बॉनेटशेजारची काडी साधारण तेवढीच असते. गाडीचा पत्रा हा अँटेनाचा दुसरा अर्धा भाग समजा.

1) उभी काडी : सिग्नल सर्वांत चांगला पकडते. मात्र फांद्या लागून वाकते.

2) आखूड रबरी अँटेना : आत तार गुंडाळलेली असते. फांद्यांचा मार सोसतो, पण सिग्नल कमी पकडतो.

3) काचेवरचा किंवा शार्क फिन : सुटसुटीत, पण बहुधा अँप्लिफायर लागतो. तो सिग्नलबरोबर खरखरही वाढवतो. मुळात सिग्नलच नसेल तर तो तरी काय करणार?

एफएम लहरी साधारण सरळ रेषेत जातात, डोंगराआड अडतात. 600 किलोहर्ट्झच्या मीडियम वेव्हची तरंगलांबी मात्र 500 मीटर. ती जमिनीला धरून लांब पोचते. तेव्हा डोंगराआड एफएम गेलं तर मीडियम वेव्ह लावून बघा.

थोडक्यात, या भागात लवचिक उभी काडीच बरी. आणि खरखर वाढली की नवा सेट घेण्याआधी अँटेनाच्या बुडाचा गंज घासा, अर्थिंग तपासा. पुष्कळदा दुखणं तिथंच असतं!