आधी पाणी, मग प्रश्न

अल्पवयीन मुलीला दिवस गेल्याचं कळलं की घरात, शाळेत, दवाखान्यात सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न येतो: कुणाचं? आशाताई, अंगणवाडीताई, शाळेतल्या बाई, हा प्रश्न तुमचा नाही. तो विचारायला पोलीस आहेत. तुमचं काम निराळं आहे आणि त्याला क्रम आहे.

सुरुवात जागेपासून. लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्राच्या बाकावर बोलू नका. दार लोटता येईल अशी खोली बघा, पण कडी लावू नका, आणि दाराजवळची खुर्ची तिला द्या. जबरदस्ती सोसलेल्या मुलीला बंद दाराची धास्ती असते. पाणी द्या, सकाळपासून काही खाल्लंय का विचारा. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत गप्प राहिली तर तुम्हीही गप्प बसा. ‘अगं बोल ना’ म्हणत पाठीवर थाप नको. न विचारता अंगाला हात लावायचा नाही, मायेनंसुद्धा नाही.

आता सगळ्यात अवघड पायरी. ती सांगायला लागण्याआधीच तुम्ही सांगायचं: ‘तुझं बोलणं माझ्या तोंडून गावात जाणार नाही. पण तू अठराच्या आतली आहेस, त्यामुळे पोलिसांना कळवणं मला कायद्यानं भाग आहे. कधी कळवणार ते आधी तुला सांगेन.’ २०१२ च्या पोक्सो कायद्याचं कलम १९ कुणालाही सूट देत नाही. मुलगी ‘माझं त्याच्यावर प्रेम आहे’ म्हणाली तरी नाही, आणि कारखान्याचा हंगाम सुरू होण्याआधी घाईनं लग्न लावून ऊसतोडीच्या कोयत्यावर पाठवलेली असली तरीही नाही. मी एकदा दया येऊन ‘कुणाला सांगणार नाही’ असा शब्द दिला. चार दिवसांनी तिच्या दारात पोलीस आले. त्यानंतर ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

तिनं जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत एकदा लिहून ठेवा. हेडबाई, सिस्टर, सरपंच प्रत्येकासमोर तिला पुन्हा सांगायला लावू नका. पोलिसांचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. हे ठाण्यात फोन करतानाच सांगा. बाल कल्याण समितीकडून तिच्यासाठी सहायक व्यक्ती मागा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर तिला तोंडपाठ करून द्या. मोबाइल घरातले काढून घेतात.

आईला बोलावण्याआधी ‘घरात कुणाला सांगितलेलं चालेल?’ हे विचाराच. कधी कधी ज्याची भीती, तो त्याच घरात जेवत असतो.

मग आठवडे मोजा, कारण पुढचं सगळं त्यावर अडतं. पाळीची तारीख मुलींना आठवत नाही, पण सण आठवतात. ‘गणपतीत बाजूला बसली होतीस का? नवरात्रात?’ असं विचारलं की बरोबर उत्तर येतं. गर्भपात हवा असेल तर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. गर्भपात कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलींना २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे, मात्र मत दोन डॉक्टरांचं लागतं. त्यापुढे बहुधा कोर्टाची पायरी. पालकाची लेखी संमती लागते. मुलगी आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरनं पोलिसांना कळवताना तिचं नाव दिलं नाही तरी चालतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलं आहे. हे काही डॉक्टरांनाही ठाऊक नसतं, तेव्हा तुम्ही सांगा.

तपासणीच्या टेबलावर तिच्या डोक्याशी उभ्या राहा. प्रत्येक स्पर्शाआधी डॉक्टर सांगतील आणि ती ‘थांबा’ म्हणाली की थांबतील, एवढं आधीच ठरवून घ्या. सोनोग्राफीचा पडदा तिच्याकडे वळवायचा की नाही, ठोके ऐकवायचे की नाही, हे तिला विचारून.

‘मरावंसं वाटतं का?’ हे सरळ विचारा. विचारल्यानं डोक्यात खूळ भरत नाही. ‘हो’ आलं तर तिला एकटं सोडू नका, १४४१६ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर फोन लावा, आणि घरातलं फवारणीचं औषध त्याच दिवशी बाहेर काढायला लावा.

मूल ठेवायचं ठरलं तर लोहाची गोळी, रक्तदाब, हिमोग्लोबिन नेहमीसारखंच, पण तपासण्या चुकू देऊ नका. कोवळ्या वयात पंडुरोग आणि झटक्यांचा धोका जास्त. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, अंगावरून रक्त जाणं, यातलं काहीही दिसलं की १०८. गर्दीत तिचं नाव पुकारू नका, आणि कार्ड तिच्या हातात उघडं देऊ नका.

बाळ दत्तक द्यायचं असेल तर ते फक्त बाल कल्याण समितीमार्फत. नात्यातल्या कुणाच्या ओटीत परस्पर घालायचं नाही. समर्पणपत्रावर सही झाली तरी फेरविचाराला ६० दिवस मिळतात. सहीच्या दिवशीच भिंतीवरच्या कॅलेंडरवर साठाव्या दिवसाभोवती तिच्या हातानं गोल काढून घ्या.