ऑपरेशन झालं, आता पुढे

अपघात झालेल्या माणसाच्या घरच्यांचं सगळं लक्ष ऑपरेशनवर असतं. कधी होणार, किती वाजता आत नेणार, रक्ताच्या किती बाटल्या लागणार, याशिवाय दुसरं काही सुचत नाही. ते पार पडलं की सगळे मोकळा श्वास घेतात आणि गावाहून आलेली मंडळी परतीची एसटी धरतात. माझ्या वडिलांच्या बाबतीत जिवावर बेतू शकेल असं जे जे समोर आलं, ते बहुतेक सगळं त्यानंतर आलं. म्हणून हे लिहिते आहे.

माझे वडील, आबा, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत फिटर. घर सिडकोत, मूळ गाव धुळे जिल्ह्यात. आमच्या गल्लीत निम्मी घरं खानदेशातलीच. अंबडला एक पाळी सुटते तेव्हाच दुसरी भरते. कंपन्यांच्या बस, माल भरलेले टेम्पो, कंटेनर आणि दुचाकीवरचे कामगार एकाच वेळी त्याच रस्त्यांवर येतात. दुसऱ्या पाळीला निघालेल्या आबांच्या मोटारसायकलला मागून टेम्पोने उडवलं. मांडीचं हाड मोडलं, डाव्या बरगड्यांना तडे गेले, डोक्यात थोडा रक्तस्राव झाला. रस्त्यावरच्या कुणीतरी 108 ला फोन लावला. असा फोन करणाऱ्याला, जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने 134-अ हे कलम त्यासाठीच घातलं. नाव-पत्ता सांगायचा की नाही, साक्षीदार व्हायचं की नाही, हे त्याने स्वतः ठरवायचं. तरीही लोक घाबरून पुढे होत नाहीत. कृपा करून पुढे व्हा.

मांडीत रॉड बसला. डोक्याचं ऑपरेशन लागलं नाही, पण त्यावर लक्ष ठेवण्यासाठी आबांना आयसीयूतच ठेवलं. आणि तिथे एका रात्रीत ते ओळखू येईनासे झाले. सलाईन ओढून काढू लागले. भिंतीवर कुणीतरी उभं आहे म्हणाले. माझ्याकडे अनोळखी नजरेने पाहून, घरी कधीतरीच बोलतात त्या अहिराणीत म्हणत राहिले, "माले घर जानं शे." आईने तिथेच पदर डोळ्यांना लावला. तिला वाटलं, डोक्याला मार लागला, आता हा माणूस परत येत नाही.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. वय झालेल्या, वेदनेत असलेल्या, झोप मोडलेल्या रुग्णाला आयसीयूत असा भ्रम होणं नेहमीचं आहे. डिलिरियम म्हणतात त्याला. तो कमी-जास्त होतो, संध्याकाळनंतर वाढतो आणि बहुतेकांचा उतरतो. मात्र दिसताच तो सिस्टरला सांगायला हवा, कारण त्यामागे जंतुसंसर्ग, रक्तातला कमी प्राणवायू, सोडियम किंवा साखरेतला बिघाड, नाहीतर डोक्यातला वाढता रक्तस्रावही असू शकतो. "म्हातारपणी बरळतात" म्हणून ते अंगावर काढू नका.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण घरचे ती लाजेने लपवतात. रुग्ण रोज दारू पीत असेल तर ते पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. अचानक तुटलेल्या दारूने दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, असाच भ्रम होतो, फिट येऊ शकते, आणि वेळीच औषध न मिळाल्यास जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांना ते माहीत असलं तर ते आधीच उपाय करतात. रक्त पातळ करणारी गोळी, साखरेचं औषध, तंबाखू यांचंही तसंच. घरातली गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून थेट दवाखान्यात न्या, नावं आठवत बसू नका.

आबांना सावरायला साध्या गोष्टींची मदत झाली. त्यांचा चष्मा आणून दिला. समोर दिसेल असं घड्याळ ठेवलं. दिवसा खिडकीचा पडदा उघडा आणि रात्री दिवा मंद ठेवू द्यावा, अशी सिस्टरला विनंती केली. भेटीला रोज नवा चेहरा नेण्याऐवजी आई, आत्या आणि मी एवढ्याच जात राहिलो. आत्या त्यांच्याशी अहिराणीतच बोलायची: आज कोणता वार, आपण कुठे आहोत, गावाकडे पाऊस झाला का. "मला ओळखलं का?" असं विचारून परीक्षा घेऊ नका, जाऊन स्वतःचं नाव सांगा. हळूहळू आबा भानावर आले.

याच आत्याने मायेपोटी ओवा-लसूण घालून कढवलेलं तिळाचं तेल आणलं होतं. आबा वॉर्डात आल्यावर पाय चेपायला ती बसली, आणि सिस्टरने धावत येऊन तिचा हात धरला. आत्याला अपमान वाटला, पण सिस्टरचं बरोबर होतं. मांडीचं किंवा खुब्याचं हाड मोडून पडून राहिलेल्या माणसाच्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. एक पाय दुसऱ्यापेक्षा सुजला, पोटरी दुखू लागली, गरम लागली, तर ती गुठळी असू शकते, आणि अशी पोटरी चोळली तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन अडकू शकते. अचानक धाप लागणं, छातीत कळ येणं ही त्याची खूण; तिथे मिनिटाचाही उशीर परवडत नाही. पोटात देतात ती रक्त पातळ करणारी इंजेक्शनं या गुठळीसाठीच असतात. "किती सुया टोचता" म्हणून त्यांना नकार देऊ नका. पायाला काही करायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून रुग्णालाच घोटा वर-खाली हलवायला सांगा. आपल्याकडे प्रत्येक घरात एक तेलाची बाटली आणि एक प्रेमळ आत्या असते, म्हणून यावर इतकं लिहिते आहे. हाडवैद्याकडे "एकदा दाखवून घेऊ" म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर द्या.

बरगड्या दुखतात म्हणून रुग्ण वरच्यावर श्वास घेतो, खोकायचं टाळतो. कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. वेदनेची गोळी वेळेवर घेण्यामागे हेही कारण आहे: दुखणं कमी असलं तर माणूस खोकू शकतो. तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र फिजिओने दिलं की ते कपाटावर शोभेला ठेवू नका. आबा उशी छातीशी घट्ट धरून खोकायचे. भरवण्याआधी रुग्णाला बसतं करायचं, आणि तोंडाने काही द्यायचं नाही असं सांगितलं असेल तर "घोटभर पाण्याने काय होतंय" म्हणायचं नाही. डोक्याला मार लागल्यावर गिळण्यात गडबड झालेली असू शकते आणि तो घोट श्वासनलिकेत जातो.

पाठीकडे मात्र आपल्यालाच बघावं लागतं. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची. रॉड बसवलेल्या पायाला कसं धरायचं ते सिस्टरकडून शिकून घ्या. माकडहाड, टाचा आणि खुबे रोज उजेडात पाहायचे. दाबल्यावरही लाली फिकी होत नसेल तर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची ती सुरुवात असते. तिथे चोळायचं नाही, त्या भागावरचा भार काढायचा आणि डॉक्टरांना दाखवायचं. हवा भरलेली रबरी रिंग खाली ठेवू नका, ती कडेने रक्तपुरवठा दाबते. एअर बेड चांगला, पण तो आणला म्हणून कूस बदलणं थांबत नाही.

कागदांचं थोडक्यात सांगते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना 1 जुलै 2024 पासून राज्यातल्या सगळ्या शिधापत्रिकाधारकांना लागू आहे, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. रुग्णालय योजनेत असेल तर तिथे आरोग्यमित्र बसतो. दाखल होतानाच त्याला गाठा. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची योजना मे 2025 मध्ये आली: ठरलेल्या रुग्णालयांत पहिले 7 दिवस दीड लाखापर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता, पोलिसांनी अपघाताची खातरजमा केल्यावर. कामगाराचा ईएसआय कापला जात असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: कामावर जाता-येताना झालेला अपघातही, वेळ, जागा आणि काम यांचा संबंध दिसला तर, 2010 च्या दुरुस्तीपासून कामावरचाच धरला जातो आणि बरा होईपर्यंत पगाराच्या सुमारे 90 टक्के लाभ मिळू शकतो. त्यासाठी कंपनीने अपघाताची खबर कळवलेली हवी. ती कळवली का, हे पहिल्या आठवड्यातच लेखी विचारा. एफआयआर, एमएलसीचा कागद, सीटीची सीडी, डिस्चार्ज कार्ड, प्रत्येक बिल एका फाइलमध्ये ठेवा. मोटार अपघात दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करण्याची तरतूद 1 एप्रिल 2022 पासून आहे. वाहन पळून गेलं असेल तरी गंभीर जखमीला 50 हजारांची भरपाई आहे.

घरी सोडायच्या आधी घराकडे पाहा. सिडकोतली आमची खोली लहान, संडास बसका. कमोड खुर्ची आणि वॉकर भाड्याने आणले, रस्त्यातली सतरंजी उचलली, रात्रीचा दिवा लावला. पायावर किती भार द्यायचा, हे डॉक्टरांकडून लिहून घेतलं. त्यावर शेजारच्यांची मतं ऐकायची नाहीत असं आईला बजावलं. डाळ, अंडी, दूध भरपूर. वेदनेच्या काही गोळ्यांनी शौचाला घट्ट होतं. रुग्ण लाजून सांगत नाही, तुम्हीच विचारा.

आणि आईकडे लक्ष द्या. रात्री उठून कूस बदलणारी तीच असते. आमच्याकडे एक रात्र भाऊ, एक रात्र मी, असं ठरवल्यावरच तिची पाठ सरळ झाली. आबाही पुढे गप्प-गप्प राहू लागले, कंपनीचा भोंगा ऐकला की अस्वस्थ व्हायचे. घरात बसलेल्या कमावत्या माणसाला हे होतं. आठवड्यांमागून आठवडे जेवणावर, बोलण्यावर मन नसेल तर तेही तपासणीला गेल्यावर डॉक्टरांना सांगायचंच दुखणं आहे.

डोक्याला मार लागलेला असेल, विशेषतः वय साठीच्या पुढे असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर पुढचे दोन-तीन महिने सावध राहा. कवटीच्या आत कधी कधी हळूहळू रक्त साचत राहतं आणि सगळं ठीक चाललेलं असताना लक्षणं सुरू होतात: न थांबणारी डोकेदुखी, चालताना एका बाजूला तोल जाणं, हातातला चमचा निसटणं, दिवसा झोपून राहणं, बोलण्यात घोळ. हे अशक्तपणाचं आहे असं वाटू शकतं. वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या, आधीच्या सीटीची सीडी सोबत घ्या आणि डॉक्टरांना अपघाताची तारीख सर्वात आधी सांगा.