झेनचे इंजिन : खोलण्याआधी मोजा

प्रश्न : माझी जुनी मारुती झेन (९९३ सीसी) निळा धूर सोडते, ऑइल खाते. मेकॅनिक पूर्ण इंजिनकाम सांगतो. खर्च कमी कसा होईल?
– एक वाचक, दवनीवाडा

उत्तर : ‘पूर्ण काम’ हा निकाल इंजिन न मोजताच दिलेला दिसतो. आधी चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन तपासा. कमी आले तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा तपासा. आकडा चढला तर रिंग किंवा बोअर झिजले आहेत. तसाच राहिला तर संशय व्हॉल्व्हवर. कॉम्प्रेशन ठीक असून फक्त सकाळी सुरू करताना धूर येत असेल, तर बहुधा व्हॉल्व्ह सील गेलेत. ते काम स्वस्तात होते, ब्लॉक खोलावाच लागत नाही.

खोलावेच लागले, तर बोअर मोजून घ्या. मर्यादेत असेल तर होनिंग आणि नव्या रिंगा पुरतात. झिजलेल्या बोअरमध्ये नुसत्या रिंगा टाकणे म्हणजे पैसे धुरात घालणे. या झेनचा ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, आत लोखंडी लायनर. म्हणून बोअरिंग लागलेच, तर ते अनुभवी लेथवाल्याकडूनच करून घ्या. पिस्टन आधी आणा, बोअर त्याच्या मापाने.

बचत मजुरीत करा : काढणे, धुणे स्वतः. बेअरिंग, हेड गॅस्केट, टायमिंग बेल्ट मात्र नवेच घ्या, आणि हेडचे बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळा.